'टेकन ३'चा बोर्ड मध्येच रीसेट का होतो?

प्रश्न : व्हिडिओ गेम पार्लरसाठी 'टेकन ३' या फायटिंग गेमचा जुना बोर्ड घेतला. सुरू होतो, पण फाइट रंगात आली की स्क्रीन काळी होते आणि सगळं पहिल्यापासून चालू होतं. बोर्ड प्लेस्टेशनवरच बेतलेला आहे म्हणे. मग घरच्या सीडीवरून गेम पुन्हा भरता येईल का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सीडीचा नाद सोडा. हा नामको कंपनीचा 'सिस्टिम १२' बोर्ड. प्रोसेसर प्लेस्टेशनच्याच घराण्यातला, पण वेग जवळपास दीडपट आणि मुख्य रॅम २ ऐवजी ४ एमबी. गेम रॉम चिपमध्ये असतो, सीडी ड्राइव्ह नसतोच. आवाजाची चिपही नामकोची स्वतःची.

तुमचं लक्षण ५ व्होल्ट कमी पडल्याचं आहे. मीटर नुसता एसएमपीएसवर (बोर्डाला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर) लावू नका. गेम चालू ठेवून बोर्डाच्या जामा कनेक्टरवर (बोर्ड आणि कॅबिनेटची वायरिंग जोडणाऱ्या ठरावीक कनेक्टरवर) लावा. १, २, ए, बी या पिना ग्राउंड; ३, ४, सी, डी या ५ व्होल्टच्या. तिथे ५.० ते ५.१ हवेत. ४.८च्या खाली गेलं की रीसेट ठरलेला. एसएमपीएसवर ५ आणि बोर्डावर ४.६ दिसले, तर दोष वायरिंगचा. बऱ्याच कॅबिनेटांत (गेमच्या खोक्यांत) चारपैकी एकाच पिनेला बारीक वायर जोडून भागवलेलं असतं. चारही पिनांना जाड वायर द्या, ग्राउंडलाही तसंच. बोर्डाच्या कडेचे सोनेरी पट्टे खोडरबराने हलकेच घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते काळपट पडतात. एसएमपीएसवरचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रिमर शेवटी फिरवा, तोही बोर्ड जोडलेला असताना. आणि कनेक्टर उलटा घालू नका. ७ नंबरच्या पिनेच्या जागी अडसर नसेल तर तो उलटाही बसतो, मग बोर्ड गेलाच समजा.

प्रश्न : त्यापेक्षा घरचा प्लेस्टेशनच कॅबिनेटला जोडला तर? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : जमतं, पण नुसत्या वायरी जोडून नाही. कन्सोलचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा रंगांचा सिग्नल) ०.७ व्होल्टचा, आर्केड मॉनिटरला त्याच्या कितीतरी पट हवा, म्हणून चित्र अंधूक येतं. मध्ये व्हिडिओ अॅम्प्लिफायर लागेल. सिंकही (चित्र जागेवर ठेवणारा सिग्नल) वेगळा काढून द्यावा लागतो, नाहीतर चित्र फिरत राहतं. जामा बोर्ड थेट स्पीकर वाजवतो, कन्सोल वाजवत नाही. छोटा ऑडिओ अॅम्प्लिफायर घ्या. कॉइनचा हिशेब मात्र कन्सोलला कळत नाही, त्यासाठी टायमर बोर्ड वेगळा बसवावा लागेल.