वाळवंटातली काळी खपली आणि अर्धवट पाऊस

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. यूटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स उद्यानात वाट सोडून मातीवर पाऊल टाकू नका, अशी ताकीद मिळाली. बघतो तर नुसती काळपट, खडबडीत जमीन. त्यात जपण्यासारखं काय आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ती जमीन जिवंत आहे; मातीवर धरलेली ती सजीवांची खपली आहे. भिंगातून पाहिली असती, तर वाळूचे कण बारीक धाग्यांत ओवलेले दिसले असते. हे धागे मायक्रोकोलियस नावाच्या सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे भातखाचरात खत म्हणून सोडतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोतातले. माती भिजली की ते वर सरकतात, उजेडात हवेतला कार्बन घेऊन अन्न बनवतात आणि माती सुकू लागली की पुन्हा खाली जातात. वाटेत त्यांचं चिकट आवरण मागे राहतं, तेच वाळू धरून ठेवतं. काळपटपणा येतो तो स्कायटोनेमासारख्या भाऊबंदांमुळे. उन्हाचा मारा सोसण्यासाठी ते गडद रंगद्रव्य तयार करतात. खपली जुनी झाली की तिच्यावर मॉस जातीचं शेवाळ आणि दगडफूल येतं. हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच चुलते.

२०१८च्या एका अंदाजानुसार जगातल्या जमिनीपैकी सुमारे १२ टक्के भागावर अशी खपली आहे. झुडपांमधल्या मोकळ्या जागेत कार्बन जमिनीत आणण्याचं काम मुख्यतः तीच करते. पण सुकल्यावर ती पापडासारखी मोडते. मोडलेले धागे काही वर्षांत पुन्हा जमतात, दगडफुलांना मात्र कित्येक दशकं लागतात. अमेरिकेतल्याच मोहावी वाळवंटात १९४२ साली अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनी रणगाड्यांचा सराव सुरू केला. त्या चाकोऱ्या अजून दिसतात.

प्रश्न : वाळवंटात थेंबभर पाऊसही वरदानच ठरत असेल ना? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : विद्यार्थी असताना मलाही तसंच वाटायचं. पण दहा मिलिमीटरची एक सर आणि एकेक मिलिमीटरचे दहा शिडकावे यांत पाणी तेवढंच असलं, तरी खपलीच्या लेखी दोन्ही सारखे नाहीत.

सुकलेली खपली भिजताच आधी खर्चाला लागते. सुकताना फाटलेली पेशींची आवरणं शिवायची, बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करायची, आणि त्यासाठी साठवलेली साखर जाळायची. त्यामुळे सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कमाई, म्हणजे प्रकाशसंश्लेषण, खर्चाच्या पुढे जायला आणखी वेळ लागतो. तेवढा वेळ ओल टिकली तर नफा. उन्हाळ्याच्या दुपारी शिडकावा होऊन जमीन लगेच वाळली, तर जीव खर्च करून बसतो आणि कमाईच्या वेळी पुन्हा झोपी जातो. असं वारंवार झालं की मुद्दल संपतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. यूटातच संशोधकांनी खपलीवर उन्हाळ्यात जेमतेम सव्वा मिलिमीटरचे शिडकावे पुनःपुन्हा दिले. तिथलं सिंट्रिकिया नावाचं शेवाळ आधी सुमारे २५ टक्के जागा व्यापून होतं. एका हंगामात ते २ टक्क्यांच्याही खाली आलं. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पाणी घालून शेवाळ मारलं, असं सांगितलं तर घरी कुणी विश्वास ठेवत नाही! म्हणून हवामानबदलात वाळवंटाचा पाऊस किती वाढेल वा घटेल एवढंच विचारणं मला अपुरं वाटतं. सरी केवढ्या आणि कोणत्या ऋतूत, हे आधी विचारायला हवं.

प्रश्न : एवढी वाळवंटं आहेत, तर तिथे कार्बन साठवून तापमानवाढ रोखता येणार नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : २००८ साली मोहावीतल्या मोजणीतून दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे १०० ग्रॅम कार्बन शोषला जातो असा आकडा आला आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढच्याच वर्षी विल्यम श्लेसिंगर, जेन बेल्नॅप आणि गाइल्स मॅरियन या संशोधकांनी साधी शंका काढली : एवढा कार्बन दरसाल येत असेल, तर तो साठतो कुठे? झुडपं तेवढी वाढत नाहीत, खपली जाड होत नाही, चुनखडीही त्या वेगाने बनत नाही. मला ही शंका रास्त वाटते.

चुनखडीबद्दल थोडं जास्त. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो मातीतल्या पाण्यात विरघळतो आणि माती वाळताना कॅल्शियमशी जुळून चुनखडीच्या खड्यांत बसतो. पण ते कॅल्शियम जुन्या चुनखडकातूनच आलं असेल, तर निव्वळ फायदा शून्य : एकीकडे विरघळलं, दुसरीकडे पुन्हा बसलं. बेसॉल्टसारख्या सिलिकेट खडकातून आलं, तरच कार्बन खरोखर अडकतो, आणि तोही अतिशय संथपणे. त्यावर कुणी झटपट कार्बन-क्रेडिट, म्हणजे कार्बन साठवल्याची विकाऊ प्रमाणपत्रं, विकू लागलं, तर सावध राहा.

प्रश्न : आमच्याकडे पहिल्या पावसानंतर मातीत असंच काही घडतं का? – एक शेतकरी, माण तालुका

उत्तर : नांगराच्या शेतात तशी खपली टिकत नाही. पण तापलेली माती भिजताच तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो, तो तुमच्याकडेही. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या मृदाशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात तो मांडला, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. कोरड्यात तग धरलेले सूक्ष्मजीव काही तासांत जागे होतात आणि मेलेल्यांचे अवशेष खाऊ लागतात. त्यातून नत्रही मोकळं होतं. त्याचं नायट्रेट झालं आणि पेरणीआधीच मोठा पाऊस झाला, तर ते मुळांच्या खाली झिरपून जातं.