कागद सांभाळा, पण घाबरू नका: परकीयांच्या नव्या कायद्यावर तुमचे प्रश्न

वकीलसाहेब, माझी सून गडहिंग्लजची. तिचा दाखला, जन्मनोंद सगळं महाराष्ट्रातलं. परकीयांच्या नव्या कायद्याने तिला त्रास होईल का? (निपाणी)

काकू, अजिबात नाही. या कायद्यात (२०२५चा इमिग्रेशन आणि परकीय कायदा) परकीय म्हणजे जो भारताचा नागरिक नाही तो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून नांदायला आलेली सून परकीय कशी होईल? देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिलाय. फक्त विवाह नोंदणीचा दाखला काढून घ्या. माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा तोच कागद.

परदेशी विद्यार्थ्याला खोली भाड्याने द्यायची आहे. काय करावं लागेल? (टिळकवाडी)

तो राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन माहिती कळवायची. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ठेवून घ्या, व्हिसाची मुदत बघा.

आमच्याकडे बंगाली बोलणारे गवंडी आलेत. गावातली पोरं म्हणतात, कागद तपासून हाकलू. पंचायत तसा ठराव करू शकते का? (हुक्केरी)

नाही, आणि कृपा करून पोरांना आवरा. परकीय, व्हिसा, हद्दपारी हे विषय घटनेच्या केंद्रसूचीत आहेत. बेळगावच्या सुवर्णसौधात बसणाऱ्या कर्नाटक विधानसभेलाही त्यावर कायदा करता येत नाही, मग पंचायतीचं काय घेऊन बसलात? बंगाली फक्त बांगलादेशात नाही, आपल्या पश्चिम बंगालातही बोलतात. खरोखर शंका असेल तर पोलिसांना कळवा. भाषेवरून माणूस परका ठरवायचा म्हटलं, तर बेंगळुरात नोकरीला गेलेल्या आपल्या मराठी पोरांचं काय होईल? २०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा त्यात कन्नड लिहिता-वाचता येण्याची अट होती. ते थांबलं, पण आपल्या घरांत किती धाकधूक झाली ते मला आठवतंय.

संसदेत या कायद्यावर एवढा वाद कशावरून झाला? (खानापूर)

चार जुने कायदे (१९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे) मोडून हा एक केला. लोकसभेत २७ मार्च २०२५ला, राज्यसभेत २ एप्रिलला मंजूर झाला आणि १ सप्टेंबरपासून लागू आहे. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात शिरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागद वापरल्यास २ ते ७ वर्षं. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं गृहमंत्री अमित शहा म्हणाले. विरोधकांचा आक्षेप असा की परकीयाला देशात येऊ द्यायचं की नाही, यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याचा शब्द अंतिम आणि वर अपील नाही. तो आक्षेप मला रास्त वाटतो.

मला त्याहून खुपते ती दुसरी गोष्ट. आपण परकीय नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच. १९४६च्या कायद्यातही हेच होतं, नव्यात ते बदलायची संधी होती. परवा एका आजींचे कागद माझ्या टेबलावर होते. मराठी शाळेच्या दाखल्यावर गंगूबाई, कन्नड रेशनकार्डावर गंगव्वा, आधारवर तिसरंच स्पेलिंग. बाई एकच! आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्याच कायद्यात लिहिलंय. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेल्याला जन्माचा पुरावा पुरतो. त्यानंतरच्यांना आई-वडिलांचेही कागद लागतात. म्हणून आजींचा शाळेचा दाखला मूळ धरला, तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं आणि आधार दुरुस्तीला लावलं. घरातल्या म्हाताऱ्यांची ट्रंक या रविवारी उघडा. शाळेचा दाखला सापडला तर लॅमिनेशन करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत कोरडी ठेवा.