शेअर निम्म्यावर आलाय, विकू की धरून ठेवू?

"कंपनी चांगली आहे असं सगळे म्हणतात, वाढणारी आहे, पुढे खूप स्कोप आहे, पण माझा शेअर तर निम्म्यावर येऊन बसलाय, आता विकू की धरून ठेवू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. म्हणजे येतात ते झोप लागत नाही म्हणून किंवा घरात सारखी चिडचिड होते म्हणून, आणि एक-दोनदा बोलणं झालं की कळतं मूळ दुखणं इथे आहे. कुठला शेअर घ्या, कुठला विका हे मी सांगत नाही, ते माझं काम नाही, त्यासाठी रीतसर नोंदणी असलेले सल्लागार असतात. पण या प्रश्नात माणूस नेमका कुठे अडकतो ते मला जवळून दिसतं, म्हणून एका बाईंची केस लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बाई शाळेत शिकवतात, चाळिशीच्या आतल्या. तक्रार एवढीच सांगितली की रात्री मधेच जाग येते आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. जाग आल्यावर काय करता विचारलं तर म्हणाल्या मोबाईल बघते. मोबाईलवर काय? थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "पोर्टफोलिओ." म्हणजे घेतलेल्या शेअर्सची ॲपवरची यादी. त्या वेळी बाजार बंद असतो, आकडा बदलणं शक्यच नाही, हे त्यांना पक्कं माहिती होतं. तरी बोटाने स्क्रीन खाली ओढायची, ते छोटं चक्र फिरतं ते बघायचं, तोच लाल आकडा परत आला की फोन पालथा घालून ठेवायचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. हे सांगताना त्यांचं बोट टेबलावर तसंच खाली सरकत होतं, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

झालं असं होतं की मोठ्या भावाच्या सांगण्यावरून त्यांनी सात कंपन्यांचे शेअर घेतले होते, सगळ्या ग्रोथवाल्या, म्हणजे ज्यांची विक्री भराभर वाढतेय आणि ज्यांच्याकडून पुढे मोठ्या कमाईची आशा आहे अशा. पहिलं वर्ष मस्त गेलं. त्यातल्या दोन चांगल्या वर गेल्या तेव्हा त्यांनी थोडे थोडे विकून नफा बुकही केला. मग बाजार फिरला, बाकीच्या घसरायला लागल्या, काही निम्म्यावर आल्या आणि एक तर 70 टक्के पडली. पडताना त्यांनी ॲव्हरेज करायचं म्हणून, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणायचा म्हणून, अजून पैसे घातले. भाऊ म्हणत होता, "अगं, लॉन्ग टर्मसाठी घेतलेत ना, मग बघूच नकोस."

मी विचारलं, घेताना किती वर्षांसाठी घेतले होते?

"खरं सांगू का मॅडम, वर्षभरात दीडपट झाले की काढायचे होते."

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते. घेताना वर्षाचा हिशोब असतो, भाव पडल्यावर तोच माणूस म्हणायला लागतो की मी दहा वर्षांसाठी घेतलेत. यात फसवाफसवी काही नाही, विकलं की तोटा पक्का होतो आणि ते सहन होत नाही, म्हणून मन मुदत वाढवून घेतं. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं की जेवढ्या नफ्याने आनंद होतो त्यापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख बरंच जास्त होतं. आणि 1985 मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी दाखवलं की लोक वर गेलेले शेअर घाईने विकतात आणि पडलेले कवटाळून बसतात. पुढे 1998 मध्ये टेरन्स ओडियन यांनी एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली तर तेच निघालं, आणि विकून टाकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरीने चांगले चालले होते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा जरा सैल झाल्या, म्हणाल्या म्हणजे मी एकटीच मूर्ख नाही. अजिबात नाही. त्यांनीही नेमकं तेच केलं होतं, वाढणाऱ्या दोन कमी केल्या आणि पडणाऱ्यांत भर घातली.

मग त्यांनी तो प्रश्न काढला जो प्रत्येक जण काढतो. "पण मॅडम, ॲमेझॉन पण 90 टक्के पडला होता ना, ज्यांनी विकला नाही त्यांचं सोनं झालं."

खरं आहे. 1999 च्या शेवटाला जे शिखर होतं तिथून 2001 पर्यंत तो 90 टक्क्यांहून जास्त पडला आणि तो जुना भाव परत दिसायला 2009 उजाडलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, तीसुद्धा पुढे जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणल्या गेलेल्या कंपनीची. त्याच काळातली, इंटरनेटची यंत्रसामग्री बनवणारी सिस्को घ्या. 2000 च्या मार्चमध्ये ती काही काळ बाजारमूल्याने जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती. नंतर बुडाली का? नाही, पुढच्या 20 वर्षांत तिची विक्री दुपटीहून जास्त झाली, एखादं वर्ष सोडलं तर नफा कमावत राहिली, आणि तरीही 20 वर्षांनंतर शेअर त्या शिखराच्या खालीच होता. आणि इंटरनेट कंपन्यांच्या त्याच लाटेतल्या, पाळीव प्राण्यांचं सामान ऑनलाइन विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने तर 2000 मध्येच गाशा गुंडाळला. ॲमेझॉनची गोष्ट सांगितली जाते कारण ॲमेझॉन टिकला, बाकीच्यांची कोण सांगणार. हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांचा 2018 चा अभ्यास आहे, 1926 पासूनच्या अमेरिकेतल्या सगळ्या शेअर्सचा, त्यात बाजाराने सरकारी रोख्यांच्या वर जी काही संपत्ती तयार केली ती सगळी फक्त 4 टक्के कंपन्यांतून आली असं दिसलं. निम्म्याहून जास्त शेअर्सनी तर आपल्या सबंध आयुष्यात अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांइतकंही दिलं नाही. धरून ठेवणं कामाला येतं, फार कामाला येतं, पण ते त्या 4 टक्क्यांतलं काहीतरी आपल्या हातात असेल तर, आणि सात कंपन्यांत ते असेलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

सिस्कोचं त्यांना कळेना, की कंपनी वाढली तर शेअर का नाही वाढला. मी कागदावर मांडून दाखवलं. समजा कंपनी एका शेअरमागे वर्षाला 1 कमावते आणि लोक त्यासाठी 60 मोजायला तयार आहेत, म्हणजे पीई (भाव भागिले एका शेअरमागची कमाई) 60. पाच वर्षांत कमाई दुप्पट होऊन 2 झाली, वर्षाला जवळपास 15 टक्के वाढ, उत्तमच म्हणायची. पण तोवर लोकांचा उत्साह ओसरला आणि ते 30 पटच द्यायला लागले तर भाव किती? 30 गुणिले 2, म्हणजे पुन्हा 60. पाच वर्षं कंपनीने जीव तोडून काम केलं आणि तुमच्या हातात मुद्दल. ग्रोथ शेअरमध्ये आपण पुढच्या वाढीचे पैसे आगाऊ देऊन बसलेले असतो, त्यामुळे वाढ जरा कमी झाली तरी भाव एवढा आपटतो. बाई शिक्षिका, त्यांनी लगेच कागद ओढून उलटं गणित केलं, की 50 टक्के पडलेला शेअर मुद्दलावर यायला 100 टक्के वाढायला लागतो आणि 70 टक्के पडलेला तिपटीहून जास्त व्हावा लागतो. ते बघून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

त्यांचं म्हणणं होतं, "मुद्दल सुटलं की सगळं विकते आणि परत या वाटेला जात नाही." हे वाक्य माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. मुद्दल हा आपला आकडा असतो, कंपनीच्या धंद्याशी त्याचा काहीच संबंध नसतो. मी त्यांना एकच काम दिलं. प्रत्येक कंपनीसाठी वहीत चार-पाच वाक्यं लिहून आणा, ही कंपनी पैसे कशातून कमावते, कोणाला विकते, तीन वर्षांत विक्री आणि नफा कसा गेलाय, कर्ज किती, स्पर्धा कोणाची. अट एकच, शेअरचा भाव एकदाही लिहायचा नाही, आपला खरेदीचा भाव तर नाहीच.

पुढच्या वेळी वही आणली. दोन कंपन्यांची पानं छान भरलेली होती, एकीचा वार्षिक अहवाल त्यांनी स्वतः वाचला होता आणि कुठे काय खटकलं तेही लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं "दादाने सांगितलं", ते खोडलेलं, त्याखाली "भविष्य चांगलं आहे", तेही खोडलेलं, आणि पुढे पान कोरं. उरलेल्या चार कंपन्यांचं थोड्याफार फरकाने तेच. मी काही बोलायची गरजच पडली नाही.

पण झोप उडण्याचं खरं कारण अजून बाहेर आलं नव्हतं. ते मी थेट विचारलं, या पैशातला कुठला पैसा असा आहे का जो ठरावीक तारखेला लागणारच आहे? तेव्हा त्या रडल्या. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम त्यांनी ॲव्हरेज करताना यात घातली होती, फी भरायला दोन वर्षं उरली होती, आणि नवऱ्याला यातलं काहीच माहिती नव्हतं. आता सांगा, ज्या पैशाला दोन वर्षांनी बाहेर पडायचंच आहे त्याला दहा वर्षं धीर धर म्हणून कसं चालेल? भावाचा सल्ला तसा चुकीचा नव्हता, ज्या पैशाला तो दिला तो पैसा चुकीचा होता.

नवऱ्याला सांगायचं ठरलं. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ते चिडतील, त्यांचं चिडणं बरोबर असेल, आणि ते एका रात्रीत निवळणार नाही. तसंच झालं, काही आठवडे घरात जेमतेम बोलणं. मग एकदा ते स्वतःच सोबत आले, तेव्हाही राग होताच, पण पहिला प्रश्न कामाचा विचारला, "फीला किती कमी पडतात ते आधी सांग." तिथून गाडी पुढे सरकली. एका सल्लागाराकडे दोघं मिळून गेले, वहीत ज्यांची पानं कोरी राहिली त्यातल्या चार कंपन्या टप्प्याटप्प्याने विकल्या, फीचा पैसा बँकेत मुदत ठेवीत गेला, कमी पडेल तेवढं दर महिन्याच्या पगारातून भरायचं ठरलं. अभ्यास केलेल्या दोन कंपन्या ठेवल्या, पण पूर्वीपेक्षा कमी प्रमाणात, आणि त्या दोन्हींच्या पानाखाली "मी कधी विकेन" तेही लिहून घेतलं. उदाहरणार्थ काहीही सबळ कारण नसताना सलग काही तिमाही विक्रीची वाढ थांबली तर, कर्ज फुगत गेलं तर, सारखे नवे शेअर काढून आपला वाटा पातळ होत राहिला तर. पुढची नवी गुंतवणूक इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या थोड्या थोड्या घेणाऱ्या फंडात, कारण पूर्ण बाजार घेतला की ते 4 टक्के कुठले ते आपल्याला ओळखायला लागत नाही.

ती 70 टक्के पडलेली मात्र त्यांच्याच्याने विकवेना. मी जबरदस्ती केली नाही. ती रक्कम पूर्ण गेली तरी घराला धक्का लागणार नाही याची दोघांनी खात्री केली आणि पुढच्या वार्षिक निकालानंतर निर्णय घ्यायचा असं तारखेसकट लिहिलं. त्यात माझ्या दृष्टीने काही वावगं नाही.

आकडा बघायचं काय, ते राहिलंच. बेनार्ट्झी आणि थेलर यांनी 1995 मध्ये हे मांडलंय की जो जितक्यांदा बघतो त्याला तितक्यांदा तोटा दिसतो आणि तितका तो घाबरतो, कारण रोजच्या रोज बघितलं तर चांगल्या बाजारातही लाल दिवस भरपूर असतात. बाईंनी ॲप फोनवरून काढलं, आता तिमाही निकाल आले की लॅपटॉपवर बघतात, आधी निकाल वाचायचा आणि मग भाव. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवातीचे दिवस फार जड गेले, हाताला चाळाच लागलेला असतो, तेव्हा जाग आली की वहीत मनात येईल ते लिहायचं. अजूनही कधीमधी जाग येते, पण बहुतेक वेळा परत झोप लागते.

मध्यंतरी त्यांचा फोन आला, विकलेल्यांपैकी एक कंपनी बरीच वर गेली होती, आवाजावरून कळत होतं की जीव तुटतोय. मी म्हटलं वाईट वाटणारच, वाटू द्या, पण वहीतलं ते पान काढा आणि बघा, आज ते भरता येतंय का? नव्हतं येत. फीची तारीखही तीच होती. तेव्हा त्या दिवशी हातात जी माहिती होती त्यावर तो निर्णय योग्यच होता, आणि नंतर भाव वर गेला म्हणून तो चुकीचा ठरत नाही, जसं खाली गेला असता म्हणून आपण शहाणे ठरलो नसतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी कर्ज काढून किंवा ब्रोकरकडून उधारीवर, म्हणजे मार्जिनवर, शेअर घेतले असतील तर त्यांच्यासाठी वरचं सगळं थोडं बाजूला ठेवा. तिथे वाट बघायची की नाही हे तुमच्या हातात नसतं, भाव ठरावीक पातळीखाली गेला आणि पैसे भरता आले नाहीत तर ब्रोकर तुमचे शेअर विकून मोकळा होतो आणि व्याज चालूच असतं. असं असेल तर झोपेचं नंतर बघू. आधी घरात एका माणसाला खरा आकडा सांगा आणि याच आठवड्यात हिशोबातल्या जाणकाराला सोबत घेऊन बसा. आणि जर जगणंच नको वाटायला लागलं असेल तर हिशोबही राहू द्या, लगेच डॉक्टरांकडे किंवा हेल्पलाइनवर बोला, पैशाचं गणित त्यानंतरही मांडता येतं.