आधी तपासणी करून फक्त बाधित मुलांनाच जंताची गोळी दिली तर पैसे वाचणार नाहीत का?

नाही, उलट खर्च वाढेल. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी सरकारी घाऊक खरेदीत काही रुपयांत पडते. शौचाचा नमुना गोळा करणं, सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ यांचा खर्च त्याहून कितीतरी जास्त. शिवाय एकाच नमुन्यात सौम्य लागण नजरेतून सुटते. गोळी सुरक्षित असल्यामुळे जिथे मुलांमधली लागण २० टक्क्यांच्या वर आहे तिथे सरसकट वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांच्या वर दोनदा द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पैसा वाया जातो तो दुसरीकडेच. सरकारी जंतनाशक मोहिमेच्या फेब्रुवारीच्या फेरीत नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी मुलं आईबापांसोबत ऊसतोडीच्या फडावर असतात, म्हणजे सगळ्यात गरज असलेलीच सुटतात. गावी परतल्यावर अंगणवाडीत त्यांची वेगळी यादी करायलाच हवी. गोळी घरी पाठवू नका, समोर चावून खायला लावा. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. तीन वर्षांपर्यंत दोन चमच्यांत चुरून पाण्यातून, नाहीतर घशात अडकते. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नका.

पोटातल्या जंतांपैकी गोलकृमी एका मात्रेने चांगला जातो, चाबूककृमी मात्र बराच उरतो. तिसरा प्रकार अंकुशकृमी; त्याच्या अळ्या केळीच्या बागेतल्या ओल्या, सावलीच्या मातीत तग धरतात आणि अनवाणी पायातून शिरतात, त्यामुळे काही महिन्यांत पुन्हा लागण होते. म्हणून गोळीच्या जोडीला चप्पल आणि वापरातला संडास हवाच.