‘संशय खोटा निघाला तर, मॅडम?’

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला मी समुपदेशक म्हणून जाते. बालमजुरी, बालविवाह, मुलांची विक्री असे विषय असतात. चहाच्या सुट्टीत कोणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, “मी फोन केला आणि संशय खोटा निघाला तर? मला याच गावात राहायचंय.”

ही ताई नाशिक जिल्ह्यातली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. कातकरी वाडीवर ती एका चिमुरडीचं वजन करायला गेली, तर तिचा नऊ वर्षांचा भाऊ दिसेना. आई म्हणाली, मामाकडे गेलाय. आजी म्हणाली, मेंढ्यांमागे. कुठल्या गावी, ते दोघींनाही सांगता येईना. ताईला काय ते तेव्हाच उमगलं. तरी अठरा दिवस ती गप्प राहिली, आणि त्या अठरा दिवसांनीच तिची झोप उडवली होती.

2022 साली याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्याशा पैशांवर मेंढपाळांकडे कामाला जुंपल्याचं उघड झालं होतं. त्यातली एक मुलगी दगावली. हे ताईला ठाऊक होतं. बोलावं तर गाव, न बोलावं तर पोरगं.

ताई भित्री नव्हती. पुरावा आपणच गोळा करायचा असतो, अशी तिची समजूत होती. ते तिचं काम नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करून दिसलं ते सांगायचं, आपलं नाव गुप्त ठेवायला सांगायचं. शहानिशा यंत्रणा करेल. मूल सापडलं की 24 तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो.

मग आम्ही त्या फोनची तालीम केली. पहिल्यांदा ती म्हणाली, “मुलगा विकलाय.” मी विचारलं, “ताई, हे तुम्ही पाहिलंत?” तिसऱ्या खेपेला जमलं: “वाडीवरचा नऊ वर्षांचा मुलगा अठरा दिवस घरी नाही. कुठे आहे, घरच्यांना सांगता येत नाही. मेंढ्या राखायला गेलाय, असं आजी म्हणते.” कलमं पाठ करून घेण्यापेक्षा प्रशिक्षणात प्रत्येकीकडून असा फोन दहादा म्हणवून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मुलगा आठवड्याभरात सापडला. आई मात्र ताईवर चिडली, धाकटीला अंगणवाडीत पाठवेना. तिचा राग मला कळतो. उचल घेतलेली, ती फेडायची कुठून? वेठबिगारीत अडकवणारं असं कर्ज फेडायची जबाबदारीच 1976 च्या कायद्यानं संपवली आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ताईनं ते तिच्या चुलीपाशी बसून सांगितलं, चार वेळा जाऊन. ‘तू पोराला विकलंस’ असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही.

महिन्याभरानं धाकटी आली, भावाचं बोट धरून. त्या दुपारी ताईचा मला फोन आला. तिनं फक्त वजन सांगितलं: 11 किलो 200 ग्रॅम.