माझ्या संकेतस्थळावरील लेख गूगलवर कुठेच दिसत नाहीत. क्रमवारी वर आणण्यासाठी काय करावे?

आपण लिहिले आहे की सह्याद्रीतील किल्ल्यांविषयी आपले वर्डप्रेसवर मराठी लेख आहेत, बरेच महिने होऊनही गूगलवरून वाचक येत नाहीत, आणि एक एजन्सी आपल्याला बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्या पानांकडे येणाऱ्या लिंक, विकत देऊ करते आहे. मी उपजीविकेसाठी लहानमोठ्या संकेतस्थळांची देखभाल करतो. माझे स्पष्ट मत असे की त्या बॅकलिंक घेऊ नयेत आणि क्रमवारीचा विचारही तूर्त बाजूला ठेवावा. क्रमवारी हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी पान गूगलला सापडावे लागते, वाचता यावे लागते आणि साठवून ठेवण्याजोगे वाटावे लागते. यांपैकी नेमके कुठे घोडे पेंड खाते आहे हे न पाहता केलेला खर्च बहुधा पाण्यात जातो.

हे पाहण्यासाठी गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन पुरेसे आहे. संकेतस्थळ आपलेच असल्याची पडताळणी एकदा झाली की वरच्या चौकटीत एखाद्या लेखाचा पूर्ण पत्ता टाकावा. तो लेख इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलने साठवलेल्या पानांच्या संग्रहात, आहे की नाही, आणि नसल्यास का नाही, हे तेथे कळते. कारण 'नोइंडेक्स' (हे पान इंडेक्समध्ये घेऊ नये ही सूचना) असे आले, तर दोष घरातच आहे. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या पानावर, सर्च इंजिनांनी हे संकेतस्थळ इंडेक्स करू नये अशा अर्थाचा एक चौकोन असतो. बांधणी चालू असताना त्यात खूण करतात आणि पुढे ती काढायची राहून जाते. नवे काम हाती आले की मी सर्वांत आधी हा चौकोन पाहतो.

'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असा शेरा आला, तर पत्ता गूगलला ठाऊक आहे, पण ते अजून पान वाचायला आलेले नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' याचा अर्थ ते वाचून गेले आणि त्यांनी पान ठेवले नाही. पहिल्या प्रकारात लेखांपर्यंत जाणाऱ्या वाटा तपासाव्यात. 'आणखी लेख पाहा' हे बटण दाबल्यावरच जुने लेख उघडत असतील, तर गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, बटणे दाबत बसत नाही. त्याला साधी लिंक लागते. म्हणून राजगडाच्या लेखात तोरण्याचा उल्लेख आला की तेथूनच तोरण्याच्या लेखाला लिंक द्यावी, आणि तीही 'येथे वाचा' या शब्दांवर न देता किल्ल्याच्या नावावर द्यावी. साइटमॅप जरूर सादर करावा, पण ती केवळ पत्त्यांची यादी असते, शिफारसपत्र नव्हे.

दुसऱ्या प्रकारात मजकुराकडेच पाहावे लागते. आपल्यासारख्या भटक्यांची एक सवय मला अनेक संकेतस्थळांवर दिसते: एकाच ट्रेकचे पाच तुकडे, प्रत्येकात दोन परिच्छेद व वीस छायाचित्रे, आणि इतिहासाचा भाग विकिपीडियावरून जसाच्या तसा उचललेला. अशा पाच पानांचे एक भरीव पान करावे आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्याकडे कायमचे म्हणजे ३०१ प्रकारचे पुनर्निर्देशन लावावे. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' हे बटण एकदा दाबणे ठीक आहे. पुनःपुन्हा दाबल्याने काम लवकर होत नाही.

मराठी संकेतस्थळांची एक खास अडचण इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. जुना मजकूर शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची प्रमाण संगणकीय पद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण संगणकात साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि गूगल तीच वाचते. परीक्षा सोपी आहे: लेखातील एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत पेस्ट करावी. तेथे अगम्य अक्षरे उमटली, तर तो लेख मराठी शोधापुरता अस्तित्वातच नाही. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर स्वतः वाचून तपासावा, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. मजकूर चित्रावर लिहून ते चित्रच लेख म्हणून टाकण्याची पद्धतही याच कारणाने टाळावी.

आता शीर्षकाविषयी. 'सह्याद्रीच्या कुशीत : भाग ७' हे शीर्षक दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत शोभते, पण असे काही कोणी शोधत नाही, आणि किल्ल्याचे नावच नसल्यामुळे पान कशाविषयी आहे हे त्यावरून गूगललाही कळत नाही. शिवाय वर्डप्रेस शीर्षकावरूनच पत्ता तयार करते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना, त्या पत्त्यात टक्केचिन्हांसह ९ जागा घेते, आणि एकूण मर्यादा २०० जागांची आहे. परिणामी साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. वरच्या शीर्षकात नेमका शेवटचा ७ कापला जातो, सगळ्या भागांचे पत्ते सारखे होतात आणि वर्डप्रेस त्यांना आपल्या मनाने क्रमांक जोडत जाते. केवळ यामुळे क्रमवारी घसरत नाही, परंतु टक्केचिन्हांची ती लांबलचक माळ पाहून व्हॉट्सॲपवर लिंक उघडायला माणूस कचरतो. नव्या लेखांना हाताने छोटा रोमन पत्ता द्यावा. जुने पत्ते पुनर्निर्देशनाशिवाय बदलू नयेत.

एवढे झाल्यावर खरी क्रमवारी सुरू होते, आणि तेथे कोणाशी झुंजायचे हे ठरवावे. नुसत्या 'हरिश्चंद्रगड' या शोधासाठी विकिपीडिया, ट्रेक नेणाऱ्या संस्था आणि वृत्तपत्रे समोर असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांची स्थिती तर आणखी अवघड आहे. मात्र हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून चढायला किती वेळ लागतो, खिरेश्वरकडून तोलार खिंडीमार्गे जाताना पाणी कोठे मिळते, नळीच्या वाटेला दोर लागतो का, असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्या मोठ्या संकेतस्थळांवर बहुधा दोन ओळींचे उत्तर मिळते. आपण ती वाट चालला आहात. तेव्हा एका वाटेवर एक पान, शीर्षकात गड आणि वाट दोन्हींची नावे, आणि पहिल्या परिच्छेदातच उत्तर, असे लिहावे. सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात लोक प्रत्यक्ष कोणते शब्द टाकतात तेही दिसते. त्यात मराठी वाचकांनी रोमन लिपीत टंकलेली गडांची नावे आढळली, तर नकाशाखालील ओळीत ते नाव रोमनमध्ये एकदा देण्यास हरकत नाही; पाच वेळा देऊ नये.

बॅकलिंकबाबत: गूगलच्या मूळ पेजरँक पद्धतीत इतर पानांकडून येणाऱ्या लिंकना मोठे वजन होते आणि आजही लिंकना महत्त्व आहे, म्हणूनच हा बाजार चालतो. परंतु एप्रिल २०१२ मध्ये गूगलने आपल्या शोधपद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून अशा विकतच्या लिंक हुडकण्याचे काम सातत्याने चालू आहे. बहुतेक वेळा त्या निष्फळ ठरतात आणि प्रसंगी संकेतस्थळावर कारवाईही होते. त्याच एजन्सीने 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमध्ये दिलेली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरून देण्याचे वेगळे पैसे सांगितले असतील, तर गूगल क्रमवारीसाठी ते वापरत नाही हे त्याने २००९ मध्येच जाहीर केले आहे. आपल्या शहरातील गिर्यारोहण संस्थेला वाटेचा अद्ययावत नकाशा द्यावा, पायथ्याच्या गावात निवासाची सोय करणाऱ्यांना त्यांच्या पानासाठी मार्गवर्णन लिहून द्यावे. अशा दोनतीन लिंक पुरेशा होतात.

वेग आणि मोबाइलवरील मांडणी यांबाबत इतकेच, की कॅमेऱ्यातून आलेली छायाचित्रे लहान करूनच चढवावीत.

बदल केल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत. अहवालात आधी इम्प्रेशन (शोधनिकालात पान किती वेळा दिसले तो आकडा) वाढतात, क्लिक मागाहून येतात. मात्र पावसाळा लागला की किल्ल्यांचे शोध तसेही वाढतात, त्यामुळे जूनची तुलना मेशी करून हुरळून जाऊ नये. अहवालात १६ महिन्यांची माहिती राहते, तेव्हा तुलना मागच्या वर्षीच्या जूनशी करावी.