कणकुंबी-भीमगडकडे ट्रेकला मोबाईलची रेंज मिळते का?

थोडक्यात, रस्त्यावर कुठे कुठे मिळते, जंगलात धरून चालू नका. बेळगाव-चोर्ला रस्त्यावर जांबोटी, कणकुंबी अशा गावांत फोन लागतो. भीमगड अभयारण्यात म्हादईच्या खोऱ्यात उतरलात की मध्ये डोंगर आडवा येतो. टॉवर जवळ असूनही उपयोग नाही. खिंडीत किंवा माथ्यावर अचानक दोन कांड्या दिसतात, तेव्हाच घरी मेसेज टाकून घ्या. क्षीण रेंजमध्ये कॉल तुटतो, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.

ग्रुपमध्ये सगळ्यांकडे एकाच कंपनीचं सिम नको. अडचणीत ११२ लावा, तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जोडला जातो. अर्थात, तिथं कुठलाच टॉवर पोचत नसेल तर तोही गप्प.

बॅटरीचं मात्र लक्षात ठेवा. रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी खातो, म्हणून फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएस उपग्रहावर चालतं, नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर नेटशिवाय वाट दिसते.

परदेशातला मित्र सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेजचं यंत्र आणतो म्हणाला तर थांबवा! भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडकेल.

अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागतेच. माझं मत विचाराल तर फोनपेक्षा गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या, आणि किती वाजेपर्यंत परतणार ते खानापुरात कुणालातरी सांगून निघा.